वस्तुरूप सहभाग

अर्जाच्या सातव्या रकान्यात विचारलं होतं :
भागीदार समुदायाचं योगदान, रोख की वस्तुरूप,
रुपयांत अंदाजे.
मी लिहिलं, सभागृह, खुर्च्या, चहा.
गाईड म्हणाले, थोडं वाढव.
मी एक पंखा वाढवला.

तेव्हा मी चोडणला उतरलेही नव्हते.
रायबंदरच्या धक्क्यावरून बेट पाहिलं होतं,
खारफुटीची एक हिरवी रेघ, तिच्यामागे
माझा 'अभ्यासक्षेत्राचा परिचय'.

कायतान मानस राखतो. त्याचा बापही राखायचा.
संमतीपत्र त्याने दोन्ही बाजूंनी वाचलं,
मागची बाजू कोरी होती, तरी वाचली.
"हांगा लिहिलंय, मी कधीही माघार घेऊ शकतो."
हो, म्हटलं.
"आणि तू? तुझं खंय लिहिलंय?"
सही केली त्याने. माझं पेन मात्र परत दिलं नाही.

जूनपासून फेलोशिप आली नाही.
कुणाच्या तरी टेबलावर उपयोगिता प्रमाणपत्र
उताणं पडलेलं. संगणक सांगायचा : प्रक्रियेत.
उधाणानंतर भांग येते, भांगेनंतर उधाण,
एवढं खाजन शेतीचं प्रकरण मी लिहून झाले होते;
पैशांचं पंचांग कुठल्याच प्रकरणात नव्हतं.
स्कूटर घरी ठेवली. फेरीत
पायी येणाऱ्याला तिकीट नसतं.

शेवंतीने विचारलं, गाडी कुठाय गो?
बिघडलीय, म्हटलं.
ती माझ्या चपलांकडे बघत राहिली,
मग कोरगुटाची पेज वाढली, विचारल्याशिवाय.

ऑगस्टात शेतकऱ्यांची बैठक. मी निरीक्षक,
कोपऱ्यात, वहीसकट.
विषय पहिला, मागल्या सभेचं टिपण.
दुसरा, मानशीचा लिलाव.
तिसरा, बांधाला पडलेलं भगदाड.
चौथा, खजिनदार उल्हास च्यारी चष्मा पुसत म्हणाला,
चौथा, आमची चेडू.
मी 'चौथा' एवढंच लिहिलं.

चर्चा झाली. माझ्यादेखत.
इनास म्हणाला, आज ही, उद्या दुसरी येतली,
सगळ्यांक पोसपाचें? बांध कोण घालतलो?
त्याचं खरं होतं. मी ते तसंच टिपलं,
वस्तुनिष्ठ राहण्याचा प्रयत्न करत,
कान तापलेले.
बाजूने अकरा, विरोधात तीन.
मासळीच्या पैशांतून महिना चार हजार,
सरकाराक जाग येईसर.

गाईडना फोन केला.
घेऊ नकोस, ते म्हणाले.
घेतलंस तर लिहू नकोस.
लिहिलंस तर मला दाखवू नकोस.

घेतले.
"फुकट न्हय," कायतान म्हणाला, "रातीं बॅटरी धर."
म्हणून अमावास्येच्या सुकतीला
मी मानशीवर उभी. पाणी खाली सरकलं,
दारांच्या फळ्या पोटातून कण्हल्या,
आणि जाळ्यात कोळंबी अशी उडू लागली
जशी तव्यावर मोहरी.
बॅटरी माझ्या हातात हलत होती.
"थीर धर," तो म्हणाला, "पाण्याक दिसूंक जाय."
मग बापाबद्दल बोलला बराच वेळ.
रेकॉर्डर घरी होता. संमतीपत्रात ती रात्र नाही.
इथेही ती लिहिणार नाही.

फेब्रुवारीत सगळे पैसे एकदम आले.
मी चोवीस हजार मोजून दिले.
उल्हासकडे एकच पावतीपुस्तक, लिलावाचं.
त्यात त्याने लिहिलं :
मानशीचं उत्पन्न, मासळी, मिळाले.
माशाच्या जातीचा रकाना होता.
तो थोडा थांबला,
मग माझं नाव लिहिलं तिथे.

ती पावती प्रबंधाला जोडली आहे.
लेखापरीक्षकांनी तांबड्या शाईत विचारलंय,
याचा विषयाशी संबंध काय.

उत्तर अजून दिलेलं नाही.
सातव्या रकान्याबद्दल त्यांना काही शंका नाही,
तिथे तो पंखा अजून फिरतोय,
आणि सभागृहात आम्ही
पावतीपुस्तकाने वारा घेतो.